नऊ आकड्यांचे साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंची सारी नोकरी एका राष्ट्रीयीकृत बँकेत लोकांकडे कागद मागण्यात गेली. समोर उभा असलेला पेन्शनर जिवंत आहे हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असे, तरी ते त्याच्याकडून हयातीचा दाखला घेत. माझ्या मेहुणीला, ताईंना, बघायला फोंड्याला गेले तेव्हा पत्रिकेची नक्कल हातात घेऊन त्यांनी सासऱ्यांना विचारलं होतं, 'मूळ प्रत आहे ना?' ही हकिगत आमच्या सासुरवाडीत अजून सांगितली जाते आणि सांगताना कुणीही हसत नाही.

अशा माणसाने पोर्तुगालमध्ये घर घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा मला पोर्तुगालची काळजी वाटली.

कारण तसं घरगुतीच होतं. त्यांची मुलगी आणि जावई पोर्तोला नोकरी करतात. तिथली भाडी बरीच चढली आहेत. इकडे दादरच्या चाळीच्या पुनर्विकासात मिळालेली जागा विकून साडूभाऊ ठाण्याला राहायला गेलेले, त्यामुळे हातात पैसे होते. भाडं भरणं म्हणजे दुसऱ्याच्या कर्जाचे हप्ते आपण फेडणं, हे त्यांचं जुनं मत. सोसायटीत बातमी पसरली ती मात्र 'गोल्डन व्हिसा' म्हणून. घरात पैसे गुंतवा आणि राहण्याचा परवाना मिळवा अशी ती योजना पोर्तुगालने २०१२ मध्ये आणली होती आणि २०२३ च्या ऑक्टोबरात घरखरेदीची वाट बंदही करून टाकली. हे साडूभाऊंनी लिफ्टमध्ये भेटेल त्याला समजावून सांगितलं. लोकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पाठ वळताच 'गोल्डन व्हिसा' हाच शब्द चालू ठेवला.

तर घर. परदेशी माणसाने घर घ्यायला पोर्तुगालची ना नाही. तुम्ही कोण, कुठले, तिकडे राहणार की नाही, कशाचीही आडकाठी नाही. फक्त आधी नंबर हवा. करदात्याचा, नऊ आकडी. कागदोपत्री त्याला निफ म्हणतात आणि बोलताना लोक सरळ 'कोंत्रिब्युइंत' म्हणतात, म्हणजे करदाता. हा नंबर नसेल तर खरेदीखत नाही, बँकेत खातं नाही, विजेचं मीटर नाही, भाडेकरार नाही. तुम्ही कर देत असाल किंवा नसाल. आधी करदाते व्हायचं, कर काय बसायचा तो मागाहून बसतो.

आपल्याकडे पॅन आहे, आधार आहे, त्यामुळे नंबर या गोष्टीचं आपल्याला भय नाही. उलट सरकारने नंबर मागितला की मराठी माणसाला आपण योग्य ठिकाणी आल्यासारखं वाटतं. साडूभाऊंना तर भरतंच आलं. त्यांनी त्या नंबराचा अभ्यास सुरू केला. पॅनमध्ये निदान पाचवं अक्षर आपल्या आडनावाचं असतं, तेवढी तरी माणुसकी आहे. पोर्तुगीज नंबरात अक्षर औषधालाही नाही. मात्र पहिल्या आकड्यावरून जात ओळखता येते. १, २ आणि अलीकडे ३ ने सुरू होणारे नंबर हाडामांसाच्या माणसांचे. ५ ने सुरू होणारे कंपन्यांचे. ६ चे सरकारी संस्थांचे. नववा आकडा हा आधीच्या आठांवर नेमलेला तपासनीस.

हा तपासनीस कसा काम करतो, ते साडूभाऊंनी मला जेवताना सांगितलं. पहिल्या आकड्याला ९ ने गुणायचं, दुसऱ्याला ८ ने, असं उतरत आठव्याला २ ने. सगळ्याची बेरीज करून ११ ने भागायचं. बाकी उरेल ती ११ मधून वजा केली की नववा आकडा. बाकी ० किंवा १ आली तर नववा आकडा शून्य. सांगता सांगता त्यांनी उदाहरण म्हणून ताटाशेजारच्या वर्तमानपत्रावर सहज १२३४५६७८ लिहिलं. बेरीज १५६. अकराने भागून बाकी २. अकरातून दोन गेले नऊ. म्हणजे १२३४५६७८९ हा पोर्तुगालच्या हिशेबाने अगदी निर्दोष नंबर आहे! साडूभाऊंचा घास हातातच राहिला. 'असा खाते क्रमांक लिहून कुणी माझ्यासमोर आला असता तर मी त्याला केबिनमध्ये बोलावलं असतं,' ते म्हणाले. ताईंनी आमटी वाढली आणि विचारलं, 'घरात खोल्या किती आहेत, ते कळलं का?' ते कळलं नव्हतं.

एक अडचण होती. साडूभाऊ युरोपीय संघाच्या बाहेर राहणारे. अशा माणसाला पोर्तुगालच्या करखात्याने गाठायचं कसं, तर त्याने तिथे राहणारा एक प्रतिनिधी नेमायचा. खात्याची पत्रं या प्रतिनिधीकडे जाणार आणि ती वेळेवर पोहोचवायची जबाबदारीही त्याची. २०२२ पासून यात सवलत मिळाली आहे: तिथे काही कमावत नसाल, मालमत्ता नसेल, तर नुसत्या नंबरासाठी प्रतिनिधी लागत नाही, आणि मालमत्ता झाल्यावरही ऑनलाइन नोटिशी घ्यायचं कबूल केलं तर त्याच्यावाचून भागतं. पण साडूभाऊंचा ऑनलाइन नोटिशीवर विश्वास नाही. नोटीस म्हणजे कागद, त्यावर शिक्का, आणि आणून देणारा माणूस. त्यामुळे प्रतिनिधी हवा आणि पोर्तोत त्यांच्या ओळखीचा असा माणूस एकच होता.

जावई.

अधिक महिन्यात ज्याला चांदीच्या ताटात अनारसे वाढायचे, ज्याच्यापुढे सासऱ्याने हात जोडायचे ते कन्यादानाच्या पुण्यासाठी, त्याला आता 'माझे कर-प्रतिनिधी व्हाल का' असं विचारायचं होतं. साडूभाऊंनी त्यासाठी रीतसर पत्राचा मसुदा केला. 'आदरणीय' की 'चिरंजीव' यावर तो अडला. अखेर मुलीने फोनवर सांगितलं, 'बाबा, तो हो म्हणालाय. त्याला फक्त विचारायचंय, तुमच्या नावाने दंड आला तर तो कुणी भरायचा?' मुलगा हुशार निघाला, याचा साडूभाऊंना त्या क्षणी फारसा आनंद झाला नाही. आणखी एक बारीक काटा पुढे लागला. पोर्तुगालच्या करखात्याचं संकेतस्थळ उत्तम आहे, सगळं घरबसल्या होतं. पण त्याचा पासवर्ड टपालाने येतो, बंद पाकिटात, आणि ज्याचा प्रतिनिधी असेल त्याचा प्रतिनिधीच्या पत्त्यावर. म्हणजे सासऱ्याचा पासवर्ड जावयाच्या पत्रपेटीत. ज्या गृहस्थाने बायकोला स्वतःच्या एटीएम कार्डाचा पिन कधी सांगितला नाही, त्याच्यावर ही वेळ.

आम्ही चौघे पोर्तोला गेलो. साडूभाऊंच्या सामानात एक जाड फोल्डर होता आणि तो त्यांनी विमानात डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू दिला नाही, मांडीवर ठेवला. त्यात काय नव्हतं? जन्मदाखला, त्यावर परराष्ट्र खात्याचं अपॉस्टिल, विवाह नोंदणीचा दाखला, बँकेचं निवृत्तीचं पत्र, वीजबिलं, सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र, आणि चारित्र्य चांगलं असल्याचा जुन्या शाखाधिकाऱ्याचा दाखला. प्रत्येकाच्या तीन प्रती, प्रत्येकीवर सही, आणि सहीच्या खाली 'खरी प्रत' असं मराठीत.

करकार्यालयात जायला आधी वेळ घ्यावी लागते. ती मुलीने घेऊन ठेवली होती. आत यंत्रातून चिठ्ठी काढायची, तिच्यावर अक्षर आणि आकडा, समोर पडद्यावर आपला आकडा उमटेपर्यंत बसायचं. शेजारीच दुसऱ्या चिठ्ठीची सोय होती, प्राधान्याची. २०१६ च्या कायद्याने पोर्तुगालमध्ये गरोदर स्त्रियांना, लहान मूल कडेवर असणाऱ्यांना, अपंगांना आणि वृद्धांना सगळ्या कार्यालयांत आधी घेतात. वृद्ध म्हणजे पासष्टच्या पुढचे. पण नुसतं वय पुरत नाही, शरीराची किंवा बुद्धीची क्षमता उघड कमी झालेली दिसली पाहिजे. हे वाचून मुलीने त्यांना पोर्तुगीजमधून मराठीत सांगितलं. साडूभाऊ पासष्ट ओलांडलेले. ते बराच वेळ त्या यंत्रासमोर उभे होते. शारीरिक म्हणावं तर गुडघे अजून धड आहेत, आणि दुसरं कारण स्वतःच्या तोंडाने कबूल करणं जिवावर आलेलं. 'मी सांगू का?' ताई म्हणाल्या. साडूभाऊंनी साधी चिठ्ठी काढली.

खिडकीपलीकडच्या बाई चष्मा साखळीला बांधलेल्या, मध्यम वयाच्या. त्यांनी पासपोर्ट मागितला. साडूभाऊंनी पासपोर्ट दिला, वर फोल्डर ठेवला. बाईंनी फोल्डर हलक्या हाताने बाजूला सरकवला. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्ता असतो, आई-वडिलांची आणि बायकोची नावं असतात, तेवढं त्यांना पुरे होतं. फक्त पत्त्याशी त्या थबकल्या. ब विंग, सदनिका क्रमांक, अमुक सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, गणपती मंदिराच्या मागे, जुन्या पिठाच्या गिरणीसमोर, ठाणे पश्चिम. यातला रस्ता कोणता, असं त्यांनी विचारलं. साडूभाऊंनी पत्ता पुन्हा वाचला. खरंच, त्यात रस्ता सोडून सगळं होतं. आपल्याकडे माणूस रस्त्यावर राहत नाही, कशाच्या तरी मागे, समोर किंवा शेजारी राहतो. आणि गिरणी तर पाडली आहे, तिथे आता दातांचा दवाखाना आहे. पण टपाल अजून गिरणीसमोरच येतं.

यावर पोर्तुगीजांनी मात्र हसू नये. त्यांच्या इमारतींत घरांना सहसा क्रमांकच नसतात. पत्ता असा: रस्ता, घर अमुक, तिसरा मजला, डावा. किंवा उजवा. किंवा समोरचा. डावा कुणाचा? तर जिना चढून येणाऱ्याचा. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून तुम्ही बाहेर पडता तेव्हा तुम्ही उजव्या घरातून बाहेर पडत असता, परत येता ते डाव्या घरात, आणि टपालवाल्याने चढून येणंच धरलेलं आहे, लिफ्टमधून उलट्या तोंडाने बाहेर पडणं नाही. बाईंनी मग गणपतीचं मंदिर वगळून संस्थेचं नाव रस्त्याच्या जागी लिहिलं, कळ दाबली, यंत्रातून कागद आला.

कागदावर नंबर.

झालं? झालं. वर काही लागेल? नाही. त्या बाई 'बोम दिया' म्हणाल्या आणि पुढची चिठ्ठी पडद्यावर उमटली.

आम्हाला आनंद झाला. साडूभाऊंना झाला नाही. ते बाहेर येऊन पायरीवर उभे राहिले, फोल्डर छातीशी. 'एक प्रश्न विचारला नाही,' ते म्हणाले. 'उत्पन्न नाही, चारित्र्य नाही. उद्या कुणीही येईल आणि नंबर घेऊन जाईल.' आयुष्यभर ज्याने लोकांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, त्याला पहिल्याच दिवशी काम झाल्याचा अपमान वाटतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुलगी म्हणाली, 'बाबा, इथे नंबर देताना विचारत नाहीत. दिल्यावर विचारतात.' मग कागद उन्हात धरून त्यांनी नववा आकडा तपासला. बाकी काढताना ओठ हलत होते. नंबर बरोबर होता.

मुलीचं म्हणणं कळायला वेळ लागला नाही. कोपऱ्यावरच्या कॅफेत आम्ही कॉफी आणि पास्तेल द नाता मागवले. हा कस्टर्ड भरलेला लहान गोल पदार्थ, वरून किंचित करपलेला, मला फार आवडला. पैसे देताना गल्ल्यावरच्या मुलाने विचारलं, 'कोंत्रिब्युइंत?' दुकानात, औषधवाल्याकडे, केशकर्तनालयात, गॅरेजमध्ये, सगळीकडे हा एक प्रश्न. तुमचा नंबर बिलावर टाकायचा का? टाकलात तर ते बिल करखात्याकडे तुमच्या नावे जमा होतं. हॉटेल, गॅरेज, केस कापणं, कुत्र्याचा डॉक्टर अशा खर्चांवरच्या मूल्यवर्धित कराचा १५ टक्के भाग तिथल्या रहिवाशाला आपल्या प्राप्तिकरातून वजा मिळतो, घरटी २५० युरोंपर्यंत. म्हणजे दुकानदाराने विक्री लपवू नये म्हणून सरकारने गिऱ्हाइकालाच पहाऱ्यावर बसवलं आहे, तेही वर्षाला जास्तीत जास्त अडीचशे युरोंत. कल्पना चांगलीच आहे. नंबर सांगायचा नसेल तरी बिलाच्या यंत्रात जागा रिकामी राहत नाही. अनोळखी गिऱ्हाइकासाठी ९९९९९९९९० हा नंबर ठेवलेला आहे. तोही अकराच्या भागाकारात उत्तीर्ण होतो, साडूभाऊंनी पाहिलं.

पोर्तुगीज लोकांनी हे सुखासुखी पत्करलं असं नाही. २०१३ मध्ये पावती देणं सक्तीचं झालं आणि न घेतल्यास गिऱ्हाइकालाही दंडाची धमकी होती. देश तेव्हा कर्जात, पगार कापलेले, लोक वैतागलेले. मग कुणीतरी पंतप्रधानांचा, पेद्रु पासुश कुएल्यू यांचा नंबर सर्वांना कळवला आणि लोक कॉफी पिऊन, केस कापून, गाडीचं चाक बदलून बिनदिक्कत पंतप्रधानांच्या नावे पावत्या फाडू लागले. इतक्या कॉफ्या पिऊन हा माणूस झोपतो कधी, असा प्रश्न करखात्याच्या संगणकाला पडला असेल. पुढच्या वर्षी सरकारने दंडाऐवजी आमिष काढलं. २०१४ मध्ये पावत्यांची सोडत सुरू झाली. दर दहा युरोंच्या खरेदीला एक कूपन, आणि बक्षीस म्हणून आउडी गाडी. बेकरीत पाव घ्यायचा आणि आउडीची वाट बघायची. २०१६ मध्ये गाड्या बंद करून सरकारी बचतपत्रं द्यायला लागले, तेव्हा सोडतीतली सगळी गंमत गेली असं जावयाचं मत. त्याला आउडी लागली नव्हती.

साडूभाऊंना पोर्तुगालमध्ये प्राप्तिकरच नाही, त्यामुळे त्यातून वजा काय होणार? शून्यातून काही वजा होत नाही. पण नंबर मिळाल्यापासून ते दुकानात विचारण्याआधीच सांगू लागले. पोर्तुगीजमध्ये आकडे पाठ केले. पाण्याची बाटली घेतली तरी नऊ आकडे. एका फळवाल्याने तर न ऐकताच मान डोलावली, तेव्हा ते दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने म्हणाले.

भारतातल्या बाजूचं काम त्यांच्या हातचा मळ होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, घर घ्यायलाही. नवरा-बायको मिळून पाच लाख. दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधीच कापून ठेवते, तो विवरणपत्र भरताना परत हिशेबात येतो. 'जात नाही, फक्त अडकतो,' असं साडूभाऊ याच स्वरात शेकडो खातेदारांना सांगत आले होते. या वेळी स्वतःच्या रकमेच्या वीस टक्क्यांचा आकडा कागदावर मांडला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या सीएने फोनवर आनंदाने सांगितलं की आता विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावं लागेल, आणि परदेशातल्या उत्पन्नाच्या रकान्यात तिथला करदाता क्रमांक विचारतात तो आपल्याकडे आहेच. 'उत्पन्न नाही, पण नंबर आहे,' सीए म्हणाला. 'सुरुवात चांगली आहे.'

मग घर. इथवर येईपर्यंत घर कुणी पाहिलंच नव्हतं. दोरू नदीकाठच्या चढावर, दुसरा मजला, उजवा. निळ्या फरशांची दर्शनी भिंत, बाल्कनीत वाळत घातलेली चादर, स्वयंपाकघराला खिडकी. ताईंना आवडलं. दलाल म्हणाला, भाव ठीक आहे, कागद ठीक आहेत, मालक विकायला तयार आहेत. फक्त मालक वारले आहेत.

इथे मला पोर्तुगालबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. घर एका म्हाताऱ्याचं. त्याची मुलं, नातवंडं मिळून वारस बरेच. एक पॅरिसजवळ, एक ब्राझीलमध्ये, दोघे तिथल्याच एका गावात एकमेकांशी न बोलणारे, आणि एक आत्या. आत्या कुठे असते ते सर्वांना माहीत होतं, पण तिच्याशी कोण बोलणार यावर एकमत नव्हतं. वाटणी झालेली नसल्यामुळे वारसा अविभक्त आणि विकायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. कोकणात सात-बाऱ्याच्या उताऱ्यावर जशी नावं चढत जातात आणि उतरत नाहीत, तसाच प्रकार; फक्त आंब्याच्या झाडाऐवजी दोन खोल्या आणि बाल्कनी. आणि गंमत अशी की या अविभक्त वारशालाही स्वतःचा करदाता क्रमांक असतो. ७० किंवा ७४, ७५ ने सुरू होणारा. म्हातारा गेला, पण त्याची न वाटलेली मालमत्ता करदाती होऊन बसली होती, घरपट्टी तिच्या नंबरावर भरली जात होती. साडूभाऊ त्या म्हाताऱ्याबद्दल एकदम आदराने बोलू लागले.

वारसांच्या वतीने कारभार बघणाऱ्याला तिथे 'काबेसा द काझाल' म्हणतात. दलालाने हा शब्द उच्चारला आणि ताईंनी मान वर केली. 'म्हणजे आमचे मोठे काका,' त्या म्हणाल्या. फोंड्याच्या घराच्या वाटणीचा दावा, ज्याला गोव्यात इन्व्हेंटरी म्हणतात, त्यात ताईंचे मोठे काका हेच पद भूषवत होते. पोर्तुगीज गेले १९६१ साली. त्यांचा वारसाहक्क आणि त्याचे दावे तिथेच राहिले, आणि मोठे काका त्यात हयातभर रमले. दलालाला हे मुलीने भाषांतर करून सांगितलं. त्याला फोंडा ठाऊक नव्हतं, पण माजी पंतप्रधान आंतोनियु कोश्ता यांचं मूळ गोव्याचं हे ठाऊक होतं. 'तुमच्याच गावचे ना?' त्याने कौतुकाने विचारलं. 'ते मडगावचे,' ताई म्हणाल्या. 'आम्ही फोंड्याचे.' आवाजात थोडा गारवा होता.

एक गोष्ट सांगायची राहिली. ताईंच्या वडिलांचा जन्म १९६१ च्या आधी गोव्यातला. अशा लोकांना आणि त्यांच्या मुलाबाळांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. गोव्यातल्या हजारो घरांनी ते घेतलंही. मग भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं. साडूभाऊंनी एकदा हिशेब मांडून दाखवला होता की ताई जर पोर्तुगीज होऊन तिकडेच राहिल्या तर प्रतिनिधी नको, कापाकापी नको. ताई म्हणाल्या, 'बाबा एकोणीस डिसेंबरला दरवर्षी झेंडावंदनाला जायचे. तुमचा नंबर तुम्ही काढा.' तो विषय तिथेच संपला होता.

वकीलबाईंकडे गेलो, ते करारनाम्याचा मसुदा बघायला. पोर्तुगालमध्ये आधी साठेखत होतं, विसार द्यायचा. घेणारा मागे फिरला तर विसार बुडतो. विकणारा मागे फिरला तर त्याला दुप्पट परत करावा लागतो. हे ऐकल्यावर साडूभाऊंचे डोळे चमकले. वारसांपैकी कुणीतरी मागे फिरावं असं त्यांना मनातून वाटत असावं; इतक्या कमी मुदतीत शंभर टक्के परतावा कुठलीच बँक देत नाही. वकीलबाईंनी त्यांचा नंबर घेतला, पासपोर्ट घेतला, आणि विचारलं, लग्न कोणत्या पद्धतीने झालंय?

'वैदिक,' साडूभाऊ म्हणाले.

बाईंना ते नको होतं. तिकडे नवरा-बायकोत मालमत्तेची व्यवस्था कोणती, हे खरेदीखतात लिहावं लागतं. प्रत्येकाचं वेगळं, की लग्नानंतर मिळवलेलं दोघांचं, की सगळंच दोघांचं? साडूभाऊंनी हसून सांगितलं, आमच्याकडे असं काही नसतं, ज्याच्या नावावर त्याचं. मुलगी भाषांतर करायला लागली, तेवढ्यात ताईंनी फोल्डर ओढला. इतक्या दिवसांत त्यातला एकही कागद कुणी मागितला नव्हता. त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला बाहेर काढून टेबलावर ठेवला. नोंदणी फोंड्याची.

गोव्यात पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा अजून चालतो. खुद्द पोर्तुगालने तो १९६७ मध्ये बदलला. त्या जुन्या कायद्यात, आधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता दोघांची, लग्नाआधीचीसुद्धा, निम्मी निम्मी. वकीलबाईंनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. माझ्या आजीचं लग्न असंच झालं होतं, त्या म्हणाल्या. गोव्यातली नोंद दादरच्या नवऱ्याला कितपत लागू, यावर दोन वकील तीन मतं देतील, हे मला कळतं. पण ताईंना त्या तिन्ही मतांशी कर्तव्य नव्हतं.

'लग्नाआधी आमच्याकडून दोनदा सही घेतली होती ना नोंदणी कार्यालयात?' ताई म्हणाल्या. 'तेव्हा तुम्ही वाचलं नव्हतंत?'

साडूभाऊंनी वाचलं नव्हतं. सासरे म्हणाले होते, इथली पद्धत आहे, आणि त्यांनी सही केली होती. पुढे बँकेत लोकांना न वाचता सही करू नका म्हणून जे ओरडत राहिले, त्यांच्या आयुष्यातला न वाचता सही केलेला तेवढाच कागद. दादरच्या जागेचे पैसे, म्हणजे त्यातले निम्मे, एवढा हिशेब त्यांनी मनात केला असावा, कारण ओठ हलत होते.

'मग खरेदीखतात दोघांचं नाव लागेल,' वकीलबाई म्हणाल्या, 'आणि बाईंचाही नंबर हवा.'

ताईंनी नंबर काढला. त्याच कार्यालयात, त्याच चष्म्याच्या साखळीपुढे. रस्त्याच्या रकान्यात संस्थेचं नाव आता तयारच होतं. त्यांनी फोल्डर नेलाच नाही. जावयांना विचारलं, 'माझेही प्रतिनिधी व्हाल ना?' जावई म्हणाले, 'तुमचा होतो. दंडाचं नंतर बघू.'

घर अजून झालेलं नाही. आत्या सही करेना. पॅरिसवाल्याने कुलमुखत्यारपत्र पाठवलं, ब्राझीलवाल्याने पाठवतो म्हणून सांगितलं, आणि न बोलणारे दोघे आत्याविरुद्ध एकत्र येऊन बोलू लागले, हा या व्यवहाराचा आतापर्यंतचा एकमेव फायदा. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा कोपऱ्यावरच्या कॅफेत गेलो. गल्ल्यावरच्या मुलाने विचारलं, 'कोंत्रिब्युइंत?' साडूभाऊंनी सुरुवात केली, त्याच क्षणी ताईंनीही. मुलगा दोघांकडे बघत राहिला. एका बिलावर एकच नंबर बसतो, तो म्हणाला. दोघेही थांबले नाहीत. मग त्याने दोन बिलं केली, दोन कॉफ्या, दोन नाता, वेगवेगळे पैसे. साडूभाऊंनी आपलं बिल नीट घडी करून पाकिटात ठेवलं. नंतर ताईंचं बिल हातात घेतलं, खिशातून पेन काढलं आणि कागदी रुमालावर त्यांच्या नंबराची बाकी काढायला बसले.

नववा आकडा बरोबर होता. त्यांचा चेहरा जरा पडला.